पाच रव्यांचा नवस

नवसाला पाच रवे गूळ लागणार होता आणि शशिधर अडीच रव्यांचाच उरला होता. एवढी एकच अडचण होती. बाकी टेम्पो ठरला होता, नृसिंहवाडीच्या पुजाऱ्यांना निरोप गेला होता आणि पुरणाची डाळ पहाटेच शिजायला पडली होती.

रवा म्हणजे गुळाची तीस किलोची ढेप. शेट्यांची अडत तीन पिढ्यांची, त्यामुळे घरात माणसांची वजनंही त्याच मापात सांगायची पद्धत होती. शशिधरसाठी सुष्मिताला बघून आल्यावर त्याच्या आईने, रत्नव्वांनी, जाहीर केलं होतं, "पोरगी देखणी हाय, पर दोन रवं भरायची न्हाय." दुकानात गादीच्या वर शशिधरच्या वडिलांचा, रुद्राप्पांचा, फोटो होता, अठ्ठ्याऐंशी सालच्या तुलेचा. एका पारड्यात ते, दुसऱ्यात पाच रवे, आणि दोन्ही पारडी सारखीच समाधानी. सहा वर्षांनी रुद्राप्पा जेवता जेवता ताटावरच गेले. वय एकोणपन्नास. फोटोला हार चढला. माप तेच राहिलं.

शशिधर छत्तीसाव्या वर्षीच त्या मापाला पोचला. तेव्हा, म्हणजे गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, दोन हजार सहा साली, तो काकाला आणि बायकोला घेऊन पुण्याला गेला. डॉक्टरांनी त्याच्या जठराचा अंड्याएवढा कप्पा चालू ठेवला आणि बाकीचं जठर बंद दुकानासारखं बाजूला टाकलं. आईला सांगितलं, पित्ताशयात खडे होते, काढले. रत्नव्वांनी तिकडे देवघरासमोर नवस बोलून टाकला होता : पोरगं नीट घरी येऊ दे, वाडीला त्याची गूळतुला करीन.

पोरगं नीट घरी आलं आणि मग थोडंथोडं झिजत गेलं. महिन्याला पाच-पाच किलो जायला लागलं. "तब्येत भरू दे, मग तुला करू," असं म्हणत रत्नव्वांनी पंधरा महिने काढले. नवसाचे म्हणून ठेवलेले गेल्या हंगामातले पाच रवे काळे पडले. या हंगामातले पाच नवे आणले, तेही आता मेच्या उकाड्यात पाघळायला लागले होते. गूळ थांबायला तयार नव्हता आणि शशिधर भरायला तयार नव्हता.

सकाळी सहाला सुष्मिता स्वयंपाकघरात वाटीत मऊ भात मोजत होती. तीन चमचे, वर मुगाचं वरण. वाटी चहाच्या बशीत मावेल एवढी.

"तेवढ्यात मांजर तरी जगंल काय गं?" पोळपाटावरून मान वर न करता रत्नव्वा म्हणाल्या. त्या होळगी लाटत होत्या. घरात पुरणपोळीला पुरणपोळी कुणी म्हणत नसे.

"त्यांना तेवढंच जातं, आत्ती."

"जातं न्हाय म्हणू नको. तू घालत न्हाईस."

हे वाक्य सुष्मिताने पंधरा महिने रोज ऐकलं होतं. गल्लीतल्या शालूबाईंनी तर तिला एकदा सरळच विचारलं होतं, नवऱ्याला उपाशी ठेवून काय मिळतं गं तुला? सबंध मंगळवार पेठेने शशिधरला आधी साखरेचा आजार लावला, मग टीबी, मग तो मोठा आजार, आणि दिवाळीत तो गेल्याचीही बातमी उठली. सांत्वनाला आलेल्या पावण्यांना चहा घेऊन तोच बाहेर आला. पावणे चहा न पिताच उठले.

शशिधर जेवायला बसला. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा, मध्ये पाणी नाही, पाणी अर्ध्या तासाने. पूर्वी त्याचा दंड होता तिथे आता कातडीची झोळी लोंबत होती. गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा दोनदा आखूड करून झाला होता.

"सांगा की आज तरी," सुष्मिता पुटपुटली. रत्नव्वा माळ्यावरून काहीतरी काढायला गेल्या होत्या. "वाडीला न्यायच्या आधी सांगा. तिथं त्या गूळ खायला लावणार. रीत हाय म्हणं तुमच्यात."

तो सतरा वेळा चावलेला घास आठ वेळा आणखी चावला. मग म्हणाला, "खडं न्हवतं म्हणून सांगायचं, तर कशासाठी कापलं तेबी सांगायला लागतं. मी अप्पांसारखा मरणार हुतो, असं डॉक्टर म्हणाला. म्हंजे अप्पा कशानं मेलं, हे अव्वाला मी सांगू व्हय?"

"मग मी किती दिवस कैदाशीण व्हायचं?"

त्याने वाटीतला अर्धा चमचा भात तसाच सरकवला. पोट भरलं होतं.

तेवढ्यात रत्नव्वा दोन लोकरी स्वेटर घेऊन आल्या. रुद्राप्पांचे.

"ही घाल आतनं."

"अव्वा, मे महिना हाय."

"देवाला काय महिना कळतोय? घाल. पावशेर पावशेर तरी लागंल."

शिवप्रसाद टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे पाच रवे, त्यांच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर घरातली माणसं. शिवप्रसाद म्हणजे रुद्राप्पांचा धाकटा भाऊ. आयुष्यभर ते दुसऱ्या नंबरवर राहिले, दुकानात आणि फोटोतही. अठ्ठ्याऐंशीच्या त्या फोटोत पारड्यामागे एक कोपर दिसतं, ते त्यांचं.

पंधरा महिने बाजार समितीतल्या सौद्याला तेच जात होते. गुळाच्या ढेपेचा कपचा जिभेवर ठेवून भाव सांगायचा, हे काम शशिधरचं. त्याला आता गुळाचा कपचा चालत नव्हता आणि शिवप्रसादांची जीभ तंबाखूने मेली होती. ते नुसतं तोंड हलवायचे आणि शेजारचा काय बोली लावतो ते बघायचे.

घाटावर यज्ञेश्वर पुजारी वाट बघत होते. तीन बांबूंच्या तिकाटण्याला तराजू टांगलेला. शशिधर पारड्यात मांडी घालून बसला. स्वेटरमुळे त्याला आत्ताच घाम फुटला होता. रत्नव्वांनी पिशवीतून दगडी वरवंटा काढून त्याच्या मांडीत ठेवला.

"हे काय?" पुजारी म्हणाले.

"घरचाच हाय."

"घरचा असला तरी तुमच्या पोटचा नाही ना, आजी. काढा."

वरवंटा निघाला. हमालांनी दुसऱ्या पारड्यात एक रवा ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा ठेवला आणि शशिधर स्वेटरसकट सरळ वर गेला. पारडं डुलायला लागलं. वरून तो शांतपणे म्हणाला, "काका, खाली घ्या."

तिसरा रवा काढून कोयत्याने अर्धा केला. अर्धा ठेवला. काटा मधोमध येऊन थांबला. दोन स्वेटर धरून अडीच रवे.

खाली फरशीवर उरलेले अडीच रवे होते. तेवढाच शशिधर परत झाला असता.

"असली गूळतुला चालायची न्हाय," रत्नव्वा म्हणाल्या. "मी बोलले तवा ह्यो पाच भरत हुता. देवानं पाच ऐकलंय. आता अडीच दिलं तर देव म्हणंल, बाई बुडवाया लागली."

"वहिनी, असं करू," शिवप्रसाद म्हणाले. त्यांना काहीतरी करून हे मिटवायचं होतं. "सुष्मिताला बशीवू शेजारी. लगीन लागलंय. अर्धं अंग हाय की त्याचं."

"दोन रवं बी भरत न्हाई ती."

"मग मी एक पाय ठेवतो."

यज्ञेश्वर पुजाऱ्यांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं. "अहो, तुला एकाची असते. मोर्चाची नसते. आज जेवढा माणूस तेवढा गूळ. दत्ताची काही तक्रार नाही."

"तुमची नसंल. माझी हाय," रत्नव्वा म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "बघ. बघितलंस? डोळ्यांनी बघ. निम्मं केलंस माझं पोरगं."

सुष्मिताने शिवप्रसादांकडे बघितलं. मदतीसाठीच बघितलं. पुण्याच्या दवाखान्यात ती आणि ते शेजारी शेजारी बाकावर बसले होते, सगळं त्यांना ठाऊक होतं. शिवप्रसादांनी नदीकडे बघितलं. नदीत तसं बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यांचं हे दुसऱ्यांदा होत होतं. त्र्याण्णव साली डॉक्टरांनी त्यांना केबिनबाहेर गाठून सांगितलं होतं, भावाच्या घरात सांगा, ताट अर्धं करा, नाहीतर ते वर्ष काढणार नाहीत. तो निरोप घेऊन ते घरी आले तेव्हा वहिनी होळग्या करत होत्या. या भावजी, गरम हाय, म्हणून त्यांनी दोन वाढल्या. वर तूप. तोंड भरलेलं असताना असला निरोप सांगता येत नाही. खाऊन झाल्यावर सांगू म्हणाले. खाऊन झाल्यावर झोप आली. अकरा महिन्यांनी भाऊ गेला. निरोप अजून त्यांच्याकडेच होता.

कोयत्याने फोडलेल्या रव्यातून रत्नव्वांनी एक ढेकूळ तोडलं. तुलेत बसलेल्याने उतरायच्या आधी त्याच गुळाचं ढेकूळ आईच्या हातून खायचं, ही शेट्यांची रीत होती. ही रीत कुणी घातली ते माहीत नव्हतं. ज्याने घातली त्याचं जठर शाबूत असणार.

शशिधरने ढेकूळ नाकाशी येताच ओळखलं. पन्हाळ्याकडचा गूळ, तोडकरांच्या गुऱ्हाळाचा, शेवटच्या आधणाचा. पंधरा महिन्यांत त्याने फक्त वास घेतला होता. डॉक्टरांनी वर्ज्य पदार्थांची छापील यादी दिली होती. त्याचा धंदा कळल्यावर तिच्या शेवटी पेनाने एक शब्द वाढवला होता, गूळ, आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. गोड पदार्थ त्या छोट्या कप्प्यातून थेट आतड्यात घसरतो आणि मग माणूस आडवा होतो. एकदा आइस्क्रीमवर हे बघून झालं होतं.

"नको," सुष्मिता म्हणाली.

"तू गप," रत्नव्वा म्हणाल्या. हात तसाच पुढे. त्या हाताकडे बघताना त्याला वाटलं, सांगावं. एकच वाक्य आहे. पण ते वाक्य पाच रव्यांपेक्षा जड होतं, आणि गूळ मूठभरसुद्धा नव्हता. त्याने तोंड उघडलं.

काय लागला तो गूळ! त्याला वाईट वाटलं ते त्याचंच. पोट गेलं तरी जीभ सगळं लक्षात ठेवून होती. रत्नव्वांचा चेहरा पंधरा महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला. "खातोय की," त्या सगळ्या घाटाला म्हणाल्या. "माझ्या हातनं खातोय की." आणि दुसरं ढेकूळ तोडलं.

त्याने तेही खाल्लं.

वीस मिनिटांनी औदुंबराच्या पारावर बसलेल्या शशिधरच्या कानात ढोल वाजायला लागले. छाती सौद्याच्या वेळच्या दलालासारखी ओरडायला लागली. पोटात पीळ पडला. "सुष्मे," तो म्हणाला, "आलं बघ," आणि तिच्या मांडीवर कलंडला.

रत्नव्वा प्रसादाची पुडी बांधत होत्या. वळून बघितलं आणि पुडी हातातून सुटली. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. कपाळावरचा तो दाणेदार घाम, ओठांभोवतीची ती पांढरी रेघ. चौऱ्याण्णव साली, श्रावणातला सोमवार, नववी होळगी.

"ह्यांच्यागत व्हायला लागलंय!" त्या ओरडल्या. "भावजी, धावा! ह्यांच्यागत चाललाय की ह्यो!"

"न्हाय आत्ती. थांबा." सुष्मिता त्याचे दोन्ही स्वेटर कात्री लावल्यासारखे ओढून काढत होती. "गुळानं झालंय. तासाभरात उतरतंय."

"गुळानं? गुळानं कोण मरतंय? माझ्या हातचा गूळ हाय त्यो!"

"म्हणूनच खाल्ला!" सुष्मिताचा आवाज फाटला. पाराभोवती चार माणसं थांबली. "खडं न्हवतं, आत्ती. एकबी खडा न्हवता. वजनासाठी पोट कापून घेतलंय त्यांनी. एवढंसं ठिवलंय. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून न्हाय सांगितलं. मी घालत न्हाय असं न्हाय. जागाच न्हाय."

रत्नव्वा खाली बसल्या. आधी त्यांना वाटलं, सून खोटं बोलते आहे. मग त्यांनी शिवप्रसादांकडे बघितलं आणि त्यांची मान खाली गेलेली दिसली. मग त्यांनी मुलाच्या पोटाकडे बघितलं. सदरा वर सरकला होता. दमडीएवढे पाच डाग, ओळीने नाही, जिथे जागा मिळेल तिथे. पंधरा महिने त्याने त्यांच्यासमोर सदरा काढला नव्हता. त्यांना वाटलं होतं, वाळला म्हणून लाजतोय.

"कशाला कापलं रे?" त्यांनी हळू विचारलं.

तो डोळे मिटून होता. "डॉक्टर म्हणाला..." आणि थांबला.

"अप्पांसारखा जाशील म्हणाला. व्हय न्हवं?"

त्याने सदरा पोटावर खाली ओढला.

शिवप्रसाद पुढे आले. चौदा वर्षं जुना निरोप एकदम बाहेर पडला. "वहिनी, माझी चूक हाय. डॉक्टरनं मला तवाच सांगितलं हुतं. अण्णाचं ताट अर्धं करा म्हणून. मी तुमास्नी बोललोच न्हाय. तुमी होळगी वाढलीसा आणि मी... मी खाल्ली."

ते रडायला लागले. साठीचा माणूस होळगीवरून रडताना बघून पाराभोवतीची चार माणसं निघून गेली. यात आपल्याला पडायचं नाही, हे त्यांना कळलं.

रत्नव्वांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

"काय?"

"हे सोता म्हणालते मला. त्याच रातीला. रत्ना, डॉक्टर अर्धं ताट कर म्हणतोय." त्या नदीकडे बघत होत्या. शिवप्रसादांनी बघितली होती तीच नदी. "मी म्हटलं, डॉक्टरच्या बायकूला सैपाक येत नसंल. हे लई हासले. आणि दोन जास्तच खाल्ल्या त्या दिशी. मला बरं वाटाया."

औदुंबरावरून एक पिकलं उंबर शशिधरच्या छातीवर पडलं. त्याने ते उचलून बाजूला ठेवलं. रंग थोडा परत येत होता.

"अव्वा, तसं न्हाय," तो म्हणाला. "तेंचं हृदयच..."

"गप झोप. बोलू नको."

सुष्मिता पदराने त्याचं कपाळ पुसत होती. रत्नव्वांचा हात तिच्याकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, मग पोचला. डोक्यावर नाही, कोपरावर. "तू तरी सांगायचंस," त्या म्हणाल्या.

"तुमी ऐकलं असतंसा?"

रत्नव्वांनी विचार केला. "न्हाय," त्या म्हणाल्या.

टेम्पोवाला विचारायला आला, उरलेला गूळ परत चढवायचा का. यज्ञेश्वर पुजारीही आले होते, पावती घेऊन. रत्नव्वा उठल्या.

"चढवू नको. सगळा हितंच ऱ्हाऊ दे. पाचच्या पाच."

"आजी, तुला अडीचची झाली," पुजारी म्हणाले. "देवाचं काही राहिलेलं नाही."

"त्याचं न्हाय, माझं हाय. गेलंय ते अडीच रवं आभाळातनं न्हवतं पडलं. त्येबी मीच घातलेलं हुतं." त्यांनी पदर खोचला. "त्येबी ठेवून घ्या. घरात नको."

दीड तासाने शशिधर उठून बसला. जेवायची वेळ होऊन गेली होती. रत्नव्वांनी घाटाच्या पायरीवर डबा सोडला, पाच ताळी पितळी डबा, रुद्राप्पांचा. वरच्या चार ताळ्यांत होळग्या होत्या. त्यांनी त्या न बघता शिवप्रसादांकडे सरकवल्या. शिवप्रसादांनी हात लावला नाही. तळाच्या ताळ्यात भाकरी आणि पातळ आमटी होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

शशिधरने झाकणाकडे बोट केलं. झाकणाच्या मधला खोलगट भाग. "तेवढंच, अव्वा."

त्यांनी भाकरी कुस्करली. तो पाच महिन्यांचा असताना कुस्करत तशी, बोटांनी, एकही कण राहू नये अशी. वर आमटी घातली. तो चावायला लागला. त्या मोजत होत्या, ओठ हलत होते. चोवीस. पंचवीस. घास गेला. दुसरा घेतला. पाचव्या घासाला त्याने झाकण खाली ठेवलं. तळाशी एक घास उरला होता.

रत्नव्वांचा हात डब्याकडे गेला. भाकरीचा दुसरा तुकडा मोडून झाला, आमटीत बुडवून झाला, त्याच्या झाकणापर्यंत येऊन झाला, तेव्हा कुठे तो थांबला. सदतीस वर्षं त्या हाताला थांबायचं काम कुणी दिलं नव्हतं. आमटीचे थेंब पायरीवर पडत राहिले.

मग तो तुकडा त्यांनी स्वतःच खाल्ला. पंचवीस वेळा चावून. आणि पाची ताळी एकावर एक रचून डब्याची कडी लावायला बसल्या. कडी साधीच होती. पण वेळ लागला.